निसटलेला देवमासा वहीत कुठे लिहायचा?

अलास्काच्या उत्तर किनाऱ्यावर तिथल्या मूळ रहिवाशांपैकी एखाद्या इनुपियात कॅप्टनच्या नावेतून बोहेड देवमाशावर हार्पून (दोर बांधलेला भाला) सुटला, की पाठोपाठ हिशेब द्यावा लागतो. कोणत्या तारखेला, कुठे, किती वेळा नेम धरला आणि किती वेळा तो लागला. मासा किनाऱ्याला लागला असेल तर त्याची लांबी. तीही अंगाच्या गोलाईवरून टेप फिरवून मोजायची नाही. वरच्या जबड्याच्या टोकापासून शेपटीच्या दोन पंखांमधल्या खाचेपर्यंत सरळ रेषेत मोजायची. नर की मादी? मादीच्या पोटात पिल्लू असेल तर त्याची लांबी आणि लिंग. त्या दिवसांत नावेवरच्या लोकांना एकूण किती देवमासे दिसले, तेही सांगायचं. आणि हार्पून लागूनही मासा हाती आला नसेल, तर नेमकं काय घडलं याचा खुलासा करायचा.

अमेरिकी सरकारच्या नियमावलीत हे सगळं कलमवार लिहिलेलं आहे. माझ्या मते त्यातला शेवटचा खुलासा सगळ्यांत महत्त्वाचा आहे. आदिवासींच्या सागरी शिकारीची सरकारी नोंद कशी होते आणि तिच्यावरून पन्नास वर्षं भांडणं का चालली आहेत, हे समजून घ्यायचं तर या निसटलेल्या जनावरापासूनच सुरुवात करावी लागते. हाती आलेलं जनावर मोजणं फारसं अवघड नसतं. अख्खं गाव ते पाहायला जमतं, मांसाचे वाटे घरोघर जातात, लपवायचं म्हटलं तरी लपत नाही. बर्फाखाली गेलेल्या जखमी जनावराची गोष्ट मात्र फक्त नावेतल्या चार-सहा जणांनाच ठाऊक असते.

आधी कायदा पाहू. सील, वॉलरस, ध्रुवीय अस्वल, देवमासे या सगळ्यांच्या शिकारीवर अमेरिकेने १९७२ मध्ये कायद्याने बंदी आणली. त्याच कायद्यात अलास्काच्या मूळ रहिवाशांना सूट दिली. समुद्रकिनारी राहणारे इनुपियात, युपिक आणि इतर समाज अन्नासाठी आणि पारंपरिक हस्तकलेसाठी शिकार करू शकतात. अट एवढीच, की जनावर वाया घालवायचं नाही. किती मारायचे यावर साधारणपणे मर्यादा नाही. एखाद्या जातीची संख्या फार खालावली असं सरकारने रीतसर ठरवलं, तरच मर्यादा घालता येते. पण संख्या खालावली हे ठरवायचं कशाच्या आधारावर? त्यासाठी आधी मोजदाद हवी, आणि ती त्या काळी जवळपास नव्हतीच. आधी सूट मिळाली, वही मागाहून आली. पुढचा बराचसा गोंधळ या उलट्या क्रमातून झाला आहे.

बोहेड देवमाशाचं प्रकरण तर त्याहून जुनं. १८४८ मध्ये अमेरिकी शिकारी जहाजं बेरिंगच्या सामुद्रधुनीतून उत्तरेला गेली. तेल आणि तोंडातल्या लवचिक पट्ट्यांसाठी (युरोप-अमेरिकेतल्या बायकांच्या कंबरपट्ट्यांत त्या घातल्या जात) पुढच्या साठ-पासष्ट वर्षांत त्यांनी अठरा हजारांहून अधिक बोहेड मारले. हा आकडा आज सांगता येतो, कारण जहाजावर रोजची लॉगबुकं लिहिली जात आणि ती जपली गेली. व्यापारी जहाजांच्या संहाराचा हिशेब असा चोख मिळतो. किनाऱ्यावरच्या लोकांची शतकानुशतकांची शिकार मात्र आठवणी, गोष्टी आणि मिशनऱ्यांच्या तुरळक टिपणांत विखुरलेली. पुढे देवमाशांच्या शिकारीचे नियम ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय व्हेलिंग आयोगाच्या टेबलावर बसायची वेळ आली तेव्हा ही तफावत इनुपियातांना भारी पडली.

१९६८ मध्ये अलास्काच्या उत्तर किनाऱ्यावर तेल सापडलं, १९७० च्या दशकात पाइपलाइनचं काम निघालं आणि गावांत रोख पगार यायला लागले. नाव, हार्पून, दारूगोळा घेऊन स्वतःची टोळी उभी करणं जास्त जणांना परवडू लागलं. टोळ्या वाढल्या, नवशिके वाढले, हार्पून लागून निसटणारे मासेही वाढले. १९७७ मध्ये २९ बोहेड किनाऱ्याला आले. हार्पून लागून हातचे गेलेले त्याच्या दुपटीहून कितीतरी जास्त होते. शास्त्रज्ञांच्या तेव्हाच्या अंदाजानुसार या समुद्रात बोहेड उरले होते सहाशे ते दोन हजार. हे दोन आकडे शेजारी ठेवले तर कुणाच्याही पोटात गोळा येईल. आयोगाने त्या वर्षी जूनमध्ये शिकार पूर्ण बंद करायचा निर्णय दिला.

गावांत संतापाची लाट उसळली. त्यांना कुणी विचारलंही नव्हतं. देवमासेमारी करणाऱ्या गावांनी एकत्र येऊन त्याच वर्षी अलास्का एस्किमो व्हेलिंग कमिशन स्थापन केलं. प्रकरण कोर्टापर्यंत गेलं. डिसेंबरमध्ये टोकियोला आयोगाची खास बैठक झाली आणि तडजोड निघाली: १९७८ साठी १२ मासे किनाऱ्याला किंवा १८ स्ट्राइक, जे आधी होईल ते.

ही ‘किंवा’ची अट नीट समजून घेण्यासारखी आहे. हार्पून, भाला किंवा स्फोटक जनावराला लागलं की एक स्ट्राइक झाला. मग मासा हाती येवो न येवो. १८ स्ट्राइक झाले आणि मासे पाचच मिळाले, तरी मोसम संपला. म्हणजे निसटलेला मासा आता शिकाऱ्यांच्याच वाट्यातून वजा होणार होता. नेम चुकला तर गावाचं नुकसान, आणि ते खोटं लिहून टाळायचा मोह प्रत्येकाला. तरीही पद्धत चालली, कारण नोंद ठेवायचं काम सरकारी माणसाकडे राहिलं नाही. १९८१ मध्ये सरकारच्या सागर व वातावरणविषयक संस्थेने, म्हणजे नोआने, व्हेलिंग कमिशनशी करार केला: स्ट्राइकचं गावागावांत वाटप, देखरेख, हिशेब आणि नियम मोडणाऱ्या कॅप्टनला मोसमांची बंदी किंवा दंड, हे सगळं कमिशन पाहील. कॅप्टनचा अहवाल आपल्याच लोकांच्या संस्थेकडे जातो, तिथून नोआकडे आणि नोआकडून आंतरराष्ट्रीय आयोगाकडे. शेजारच्या गावाचे स्ट्राइक शिल्लक राहिले तर ते आपल्याला मिळू शकतात, त्यामुळे सगळ्यांचं सगळ्यांवर लक्ष असतं. शहरातला इन्स्पेक्टर बर्फावर उभा करून इतकी बारीक नजर ठेवता आली असती, असं मला वाटत नाही.

हिशेबाची दुसरी बाजू होती समुद्रात मासे किती आहेत ही. वसंतात बोहेड बेरिंग समुद्रातून पूर्वेकडे ब्युफोर्ट समुद्रात जातात. वाटेत पॉइंट बॅरोजवळ बर्फाला भेगा पडून पाण्याच्या पट्ट्या उघडतात. मोजणारे लोक बर्फाच्या उंचवट्यावर बसून त्या पट्टीतून जाणारे मासे मोजत. सुरुवातीचा समज असा, की मासे या उघड्या पाण्यातूनच जातात. पट्टी मिटली की ते थांबतात. शिकारी म्हणत होते, असं काही नाही. मासे बर्फाखालून जातात, पातळ बर्फ डोक्याने फोडून श्वास घेतात, आणि किनाऱ्यापासून कितीतरी दूरवर, डोळ्यांना दिसणारच नाहीत असे पसरून चालतात. हॅरी ब्राउअर हे तिथल्या बॅरो गावाचे अनुभवी कॅप्टन. त्यांनी हे सगळं टॉम अल्बर्ट नावाच्या पशुवैद्य संशोधकाला समजावून सांगितलं. अल्बर्ट नॉर्थ स्लोप बरोसाठी, म्हणजे तिथल्या स्थानिक सरकारसाठी काम करत होते. बरोकडे प्रूडो बे तेलक्षेत्राच्या कराचा पैसा होता. त्यामुळे शिकाऱ्यांचं म्हणणं खरं की खोटं, हे तपासून पाहण्याची ऐपतही होती.

मग पाण्यात हायड्रोफोन, म्हणजे पाण्याखालचे मायक्रोफोन, सोडले. डोळ्यांना एकही मासा दिसत नसताना बर्फाखालून त्यांचे आवाज येत होते. दोन ठिकाणी दोन गट बसवून एकाच्या नजरेतून किती सुटतात ते काढलं, विमानातून पाहणी केली, आणि दिसलेले व ऐकलेले असा एकत्र हिशेब मांडला. २००१ मधल्या मोजणीवरून अंदाज आला साडेदहा हजारांच्या आसपास, २०११ मध्ये जवळजवळ सतरा हजार. यातला काही भाग खरोखरच्या वाढीचा आहे. बोहेड दरवर्षी तीन-साडेतीन टक्क्यांनी वाढत होते. पण १९७७ चा आकडा मुळातच तोकडा होता, हेही तितकंच खरं. बंदी आली ती अर्धवट मोजणीवर, आणि तिच्या जागी आलेली मर्यादा सैल झाली ती मोजणी सुधारल्यावर.

आणखी एक हिशेब लागला: गावांना मासे हवेत तरी किती? आयोगाचा सवाल साधा होता: गरज असेल तर दाखवा. त्यासाठी १९१० ते १९६९ या काळात कोणत्या गावाने किती मासे आणले ते जुन्या टिपणांतून आणि म्हाताऱ्यांच्या आठवणींतून गोळा केलं, दर माणशी सरासरी काढली आणि तिला आजच्या लोकसंख्येने गुणलं. सगळी गावं मिळून आकडा आला वर्षाला ५६. २०१८ मध्ये ब्राझीलमधल्या फ्लोरियानोपोलिसच्या बैठकीत आयोगाने २०१९ ते २०२५ या सात वर्षांसाठी ३९२ बोहेड मंजूर केले. सातने भागा, ५६ येतात. त्यातले थोडे रशियाच्या चुकोत्का भागातल्या लोकांसाठी होते. त्या काळात स्ट्राइकची मर्यादा वर्षाला ६७ होती, आणि न वापरलेल्यांपैकी ३३ पर्यंत पुढच्या वर्षी ओढता येत. बर्फ नीट फुटलं नाही म्हणून एखादं वर्ष फुकट गेलं, तर गाव उपाशी राहू नये म्हणून ही सोय.

या सगळ्यात हाताला लागलेल्या माशांचं प्रमाणही बदललं. सत्तरच्या दशकात हार्पून लागलेल्या माशांतला जेमतेम अर्धा भाग किनाऱ्याला येई. आता चारातले साधारण तीन येतात. स्फोटकं सुधारली, टोळ्यांना प्रशिक्षण मिळालं. आणि सुधारणा झाली हे दाखवता आलं, कारण निसटलेल्यांचा रकाना वर्षानुवर्षं भरला जात होता.

प्रत्येक माशाला एक क्रमांकही मिळतो: वर्षाचे शेवटचे दोन आकडे, गावाची खूण, त्या गावातला अनुक्रम. बरोचे संशोधक मासा कापला जात असतानाच मापं घेतात, डोळे, अंडाशय, पोटातलं अन्न यांचे नमुने घेतात आणि त्या क्रमांकाने ठेवतात. शिकारी पंचवीस-तीस टनांचा मासा कापत असताना कडेला हातात टेप आणि पिशव्या घेऊन शास्त्रज्ञ थांबलेला, हे दृश्य तिथे नवं नाही. अशाच नमुन्यांतल्या डोळ्यांच्या भिंगाचा रासायनिक अभ्यास करून १९९९ मध्ये संशोधकांनी दाखवलं, की काही बोहेड शंभर वर्षांच्या पुढे गेलेले होते. १९९५ मध्ये वेनराइट गावाने आणलेल्या एका नराचं वय तर अंदाजे दोनशेच्या घरात निघालं. २००७ मध्ये एका माशाच्या अंगात एकोणिसाव्या शतकातल्या स्फोटक भाल्याचा तुकडा सापडला, १८७९ मध्ये पेटंट घेतलेल्या नमुन्याचा. तो मासा शंभराहून अधिक वर्षांपूर्वी कुणाच्या तरी हातून निसटला होता.

बोहेड हे सुदैवी उदाहरण आहे. बाकी जनावरांचा हिशेब इतका नेटका नाही.

वॉलरस, ध्रुवीय अस्वल आणि सी ऑटर (समुद्री पाणमांजर) यांच्यासाठी अमेरिकी सरकारच्या मत्स्य व वन्यजीव सेवेने १९८८ मध्ये टॅग लावायची पद्धत आणली. वॉलरसचे दोन्ही सुळे, अस्वलाचं आणि ऑटरचं कातडं व कवटी तीस दिवसांच्या आत टॅगवाल्याकडे न्यायची. हा टॅगवाला गावातलाच माणूस असतो. तो सुळ्याला भोक पाडून क्रमांकाची खूण बसवतो, कुठे आणि कधी मारलं ते लिहितो, अस्वलाच्या कवटीतला एक छोटा दात काढून वयाच्या तपासणीसाठी पाठवतो. कागदावर हे छान दिसतं. प्रत्यक्षात टॅगवाला परगावी गेलेला असतो, कुणी सुळे विकणारच नसल्यामुळे टॅगची फिकीर करत नाही, कुणाला ते सरकारी झंझट वाटतं. म्हणून सेंट लॉरेन्स बेटावरच्या गॅम्बेल आणि सव्हूंगा या दोन गावांत (अमेरिकेतल्या वॉलरस शिकारीचा बहुतांश वाटा यांचा) वसंतात निरीक्षक किनाऱ्यावर उभे राहून येणाऱ्या नावा मोजत. निरीक्षकांचा आकडा आणि टॅगचा आकडा यांची तुलना केली, की किती टॅग चुकले ते कळतं आणि त्या प्रमाणात एकूण आकडा वाढवता येतो.

वॉलरसचाही निसटलेल्यांचा प्रश्न आहेच. गोळी लागलेला वॉलरस बर्फावरून पाण्यात पडला तर बुडतो. १९५२ ते १९७२ या काळातल्या निरीक्षणांवरून संशोधकांनी ठरवलं, की गोळी लागलेल्यांपैकी ४२ टक्के असे जातात. तेव्हापासून ५८ वॉलरस किनाऱ्याला आले की सरकारी हिशेबात १०० मेले असं धरलं जातं. सगळे जखमी मरतातच असं मानून हा गुणक वापरतात. नावा बदलल्या, बंदुका बदलल्या, बर्फ तर पारच बदललं. आकडा मात्र दशकानुदशकं तोच. एखाद्या जातीची शिकार ‘जास्त’ आहे की नाही, याचा निर्णय जर अशा एका जुन्या टक्केवारीवर टेकलेला असेल, तर शिकारी चिडतात यात नवल नाही.

नोंदच नसेल तर काय होतं, ते कुक इनलेटमध्ये दिसलं. अँकरेज शहराला लागून असलेल्या या खाडीत पांढऱ्या बेलुगा देवमाशांचा एक वेगळा कळप राहतो. १९७९ मध्ये तो साधारण १३०० चा होता. १९९४ ते १९९८ या चारच वर्षांत मोजणी ६५३ वरून ३४७ वर आली. शिकार करणारे स्थानिक तर होतेच, शिवाय अलास्काच्या इतर भागांतून नोकरीसाठी शहरात आलेलेही होते. बेलुगाचं कातडं-चरबी शहरातल्या दुकानांत विकलीही जात होती. इथे बोहेडच्या गावांसारखं कमिशन नव्हतं, कॅप्टनने कुणाकडे अहवाल द्यायची रीत नव्हती. वर्षाला किती मारले जातात हे उशिरा, विचारपूस करून कळलं, आणि निसटलेल्यांचा तर केवळ अंदाज. १९९९ मध्ये शिकाऱ्यांनी आपणहून हात आखडता घेतला, संसदेनेही कायदा करून सरकारशी करार असल्याशिवाय शिकार बंद केली. मारलेल्या प्रत्येक बेलुगाची नोंद आणि खालच्या जबड्याचं हाड देणं सक्तीचं झालं. पण त्यानंतर एकूण मारलेच गेले पाच, शेवटचे २००५ मध्ये. शिकार थांबूनही कळप सावरला नाही आणि २००८ मध्ये तो धोक्यात आलेल्यांच्या यादीत गेला. वही आली तोवर लिहायला काही उरलं नव्हतं.

राहिले सील. ते इतक्या गावांत, इतक्या दिवशी, इतक्या सहज मारले जातात की एकेकाचा अहवाल मागणं शक्य नाही. इथे वापरतात घरोघरची पाहणी. अलास्का राज्याच्या मत्स्य व शिकार विभागाची निर्वाह-शाखा आधी गावच्या पंचायतीची परवानगी घेते, गावातलाच माणूस पाहणीसाठी नेमते आणि घरी जाऊन विचारते: गेल्या वर्षी किती सील आणले, कोणत्या महिन्यात, किती बुडाले, कुणाला दिले. घराचं नाव लिहीत नाहीत, सांकेतिक क्रमांक देतात. मग काही घरांवरून गावाचा आकडा काढतात.

इथे एक गंमत आहे. त्या विभागाला वर्षानुवर्षांच्या पाहण्यांतून दिसलं, की गावातली साधारण तीस टक्के घरं सत्तर टक्के शिकार आणतात आणि इतरांना वाटतात. म्हणजे शंभर घरांच्या गावात चिठ्ठ्या टाकून वीस घरं निवडली आणि नेमके बडे शिकारी सुटले, तर गावाचा आकडा निम्म्याहूनही खाली येईल. म्हणून सील मारणारे कोण ते गावातल्या जाणत्यांना विचारून, ती घरं वेगळी काढून, सगळीच्या सगळी गाठायची असतात. दुसरी अडचण आठवणीची. डिसेंबरात विचारलं तर एप्रिलमधला बुडालेला सील कुणाला आठवणार? ग्रीनलंडमध्ये १९९३ पासून शिकारी स्वतःच वर्षाची आकडेवारी भरून देतात. आपल्याकडे ई-पीक पाहणीत शेतकरी आपल्या शेतातलं पीक स्वतः मोबाइलवर नोंदवतो, तसाच हा प्रकार. फरक एवढा, की पीक नोंदवलं नाही तर भरपाई बुडते, आणि सील जास्त नोंदवले तर उद्या मर्यादा येईल अशी धास्ती असते. १९७७ ची गोष्ट किनाऱ्यावरची प्रत्येक आजी सांगू शकते. त्या धास्तीवर उपाय म्हणून १९९४ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून सरकारला आदिवासी संस्थांशी सहव्यवस्थापनाचे करार करायची मुभा दिली. सील, सी लायन, वॉलरस यांच्यासाठी अशा समित्या झाल्या, पण बोहेडच्या कमिशनला जो पैसा आणि जो आंतरराष्ट्रीय दबाव लाभला तो त्यांच्या वाट्याला आला नाही.

१९९२ पासून हार्बर सील आणि सी लायनसाठी किनाऱ्यावरच्या साठाहून अधिक गावांत अशी पाहणी जवळपास दरवर्षी झाली आणि २००८ नंतर ती राज्यव्यापी मालिका थांबली. नोआ प्रत्येक जातीचा जो स्थिती-अहवाल काढते, त्यात आदिवासी शिकारीचा एक रकाना असतो. पुढची कितीतरी वर्षं हार्बर सीलच्या अहवालांत बहुतेक कळपांसाठी त्या रकान्यात २००४ ते २००८ चीच सरासरी छापून येत राहिली.